पीटीच्या सरांना, गणितासाठी आभार

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार. तुमची बदली झाल्याचं लेकीकडून कळलं. आभार चारचौघांत मानायचे ही सवय तुम्हीच या मुलांना लावलीत, म्हणून हे पत्रही सगळ्यांना वाचता येईल असंच लिहितेय.

तुम्ही येण्याआधी परिपाठाला कौतुक होत नव्हतं असं नाही. सामना जिंकला की अख्खा संघ पुढे यायचा, चषक हातोहात फिरायचा, शेवटच्या मिनिटाला गोल कुणी केला आणि कुणी अडवला हे रंगवून सांगितलं जायचं. अभ्यासाची पाळी वर्षातून एकदा, निकाल लागल्यावर. नाव, टक्के, टाळ्या, पुढचं नाव. त्या मुलाने वर्षभर नेमकं काय केलं, कुठे अडला, कसा सुटला, याचा पत्ता कुणालाच नसायचा. टाळ्याही मग तेवढ्यापुरत्याच. गुणवंतांचा सत्कार होतच होता की, असं कुणी म्हणेल. होत होता, पण तो गुणपत्रिकेचा.

आणि हे बदललं कुणी, तर खेळाच्या शिक्षकाने. मला याची अजून गंमत वाटते. पण विचार केला तर ते तुम्हालाच सुचणार होतं. कौतुक कसं करावं हे मैदानावरच्या माणसाला जास्त कळतं.

माझ्या लेकीला एकदा वहीत ठिपके काढताना सापडलं, की १ पासून क्रमाने विषम संख्या मिळवत गेलं की दर वेळी वर्गसंख्याच येते. १ आणि ३ मिळून ४, त्यात ५ मिळवले की ९, पुढे ७ मिळवले की १६. हे गणितात फार जुनं आहे, पण तिला ते कुणी सांगितलेलं नव्हतं. गणिताच्या बाईंनी तुमच्या कानावर घातलं आणि दुसऱ्या दिवशी परिपाठाला तुम्ही शिट्टी वाजवलीत. एक मुलगा कोपऱ्यात उभा केलात. तीन मुलांनी त्याला दोन बाजूंनी काटकोनात वेढलं, चौरस झाला. मग पाच जण, मग सात, मग नऊ. मैदानावर पंचवीस मुलांचा पाच बाय पाचचा चौरस, आणि तुमचं समालोचन चालूच: ‘आता अकरा पाहिजेत, अकराच का, कोण सांगेल?’ उत्तर मागच्या रांगेतून आलं, गणिताच्या तासाला कधी तोंड न उघडणाऱ्या मुलाकडून. शाळा ओरडली ती त्याच्यासाठी आणि माझ्या मुलीसाठीही. ती घरी आली तेव्हा तिचा आवाज बसला होता. स्वतःच्याच शोधाला तीही ओरडली असणार.

समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांनी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या दहा हायस्कुलांचा अभ्यास करून १९६१ साली तो प्रसिद्ध केला. शाळेत तुमची आठवण कशी राहावी, उत्तम खेळाडू म्हणून, हुशार विद्यार्थी म्हणून की सगळ्यांचा लाडका म्हणून, असं विचारल्यावर मुलग्यांचा सर्वांत जास्त ओढा खेळाडूकडे होता. कोलमन यांनी सांगितलेलं कारण मला पटतं. खेळाडू जिंकतो तेव्हा शाळा जिंकते. वर्गात एकजण पहिला येतो तेव्हा बाकीचे खाली सरकतात. मग त्याच्यासाठी कोण मनापासून ओरडणार? त्यांनी उपाय सुचवला होता तो शाळाशाळांमध्ये अभ्यासाच्या स्पर्धा घेण्याचा. तुम्ही स्पर्धेशिवायच एका मुलीचा शोध साऱ्या शाळेचा केलात.

आणखी एक गोष्ट तुम्ही नेमाने पाळलीत: पुढे कुणाला बोलावणार हे आधी कधी सांगितलं नाहीत, बक्षीसही लावलं नाहीत. आम्हा काही पालकांना वाटायचं, निदान एखादं प्रमाणपत्र तरी द्यावं. १९७३ सालचा लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा एक प्रयोग आहे. चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या लहान मुलांपैकी काहींना ‘चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल’ असं आधी सांगितलं. पुढे मोकळ्या वेळात ही मुलं चित्रांकडे कमी वळू लागली. ज्यांना ते प्रमाणपत्र अचानक मिळालं, त्यांची आवड मात्र टिकून राहिली. तुम्ही हे वाचलं होतंत की उपजत ओळखलंत, विचारायचं राहूनच गेलं.

हरलेल्यांनाही तुम्ही पुढे बोलावलंत. विज्ञानाच्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत बाद झालेल्या दोघांना तुम्ही सगळ्यांसमोर विचारलंत, की पुढच्या वेळी प्रयोगात काय बदलाल. ती दोघं हसत हसत उत्तरं देत होती म्हणे. १९५९ साली सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये सहा प्रश्न असतात, प्रत्येकी सात गुणांचे. पदक हुकलं तरी एक प्रश्न पूर्ण सोडवणाऱ्याला सन्माननीय उल्लेख मिळतो. एवढ्या मोठ्या स्पर्धेला जे जमतं ते शाळेला का जमू नये?

तुमचे फुटबॉलवाले नाराज होतील असं काहींना वाटत होतं. झाले नाहीत, कारण त्यांच्या टाळ्यांतलं काहीच कमी झालं नाही.

नव्या शाळेत तुम्ही हे चालू ठेवणारच, म्हणून लेकीचा निरोप कळवते. सम संख्या २ पासून क्रमाने मिळवल्या तर चौरस होत नाही, आयत होतो: २ आणि ४ मिळून सहा, म्हणजे दोन बाय तीन. मैदानावर पाच टप्पे दाखवायचे असतील तर तीस मुलं लागतील, पाच रांगा, रांगेत सहा. सुरुवातीला दोघांना शेजारी शेजारी उभं करा, असं तिने बजावून सांगितलंय.

तुमची आभारी,
एका विद्यार्थिनीची आई