जळाऊच्या नावाखाली गेलेला गोटिंग

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी संगमेश्वर तालुक्यातला, नोकरीला मुंबईत. जानेवारीत गावी गेलो होतो तेव्हा आमच्या वाडीखालच्या पऱ्यावरचा (ओढ्यावरचा) बेहडा तोडला, त्याबद्दल लिहितोय. आमच्याकडे त्याला गोटिंग म्हणतात. तिघांनी हात धरले तरच कवेत यायचा आणि आजोबा सांगायचे की त्यांच्या लहानपणीही तो असाच एवढा मोठा होता. सकाळी पेजेला बसलो होतो तेव्हा कटरचा, म्हणजे पेट्रोलवरच्या करवतीचा (चेनसॉचा), आवाज सुरू झाला, पेज संपवून खाली जाईपर्यंत झाड आडवं. तासभरही लागला नाही साहेब. पूर्वी असलं झाड पाडायचं म्हणजे चार गडी, मोठा करवत, दोन-तीन दिवसांचं काम, मजुरीच एवढी व्हायची की जळाऊसाठी कोणी त्याच्या नादाला लागायचंच नाही. आता पेट्रोल टाकलं, दोरी ओढली की झालं.

आणि हे झाड गेलं कशासाठी तर जळाऊ. बेहड्याच्या लाकडाला फर्निचरला किंमत नाही, त्यात आतून पोकळ, म्हणून टनावर गेला. ओंडके करून त्याच दुपारी ट्रकमध्ये भरले. ओल्या लाकडाचं निम्मं वजन पाण्याचंच असतं, म्हणजे पाणीसुद्धा झाडाच्या नावावर विकलं गेलं. ट्रक कुठे जातो विचारलं तर ड्रायव्हर म्हणाला घाटावर, वीटभट्टीला नाहीतर कारखान्याच्या बॉयलरला.

झाड विकलं माझ्या काकांनी, पण त्यांना मी दोष देत नाही. काकीच्या ऑपरेशनचं बिल राहिलं होतं, ठेकेदार रोख बारा हजार घेऊन दारात उभा, वर म्हणाला झाड पोकळ झालंय, एखाद्या वादळात गोठ्यावर पडेल. माणूस काय करणार. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल नावापुरतं, जे काय रान आहे ते असंच लोकांच्या सातबाऱ्यावर, एकेका सातबाऱ्यावर वीस-वीस नावं, निम्मे मुंबईत आणि ज्याला पैशाची गरज लागली तो सही करतो.

गावातल्या चुलींवरही कोणी खापर फोडू नये. आमच्या बायका सरपण आणतात ते सुक्या फांद्यांचं. राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, कवळ (पाल्याच्या फांद्या) तोडतात तेही ऐन-किंजळाच्या फांद्यांचं, बुंध्याला हात लावत नाहीत, पुढच्या वर्षी परत फुटवा येतो. ऐन बुडातून तोडला तरी फुटतो. पण शंभर वर्षांचा बेहडा बुडातून कापला की तसा परत मिळत नाही, आणि मिळाला तरी त्याच्यात ढोली व्हायला आणखी शंभर वर्षं जाणार.

ढोलीचं मुद्दाम सांगतो. या झाडाच्या ढोलीत धनेश पक्षी यायचा, आम्ही त्याला गरुडच म्हणतो. धनेशाला स्वतः ढोली कोरता येत नाही, जुन्या मोठ्या झाडात आयती असेल तीच घेतो आणि वर्षानुवर्षं त्याच ढोलीत येतो. मादी आत शिरून तोंड लिंपून घेते, बारीक फट ठेवते आणि पिल्लू मोठं होईपर्यंत तीन-चार महिने नर बाहेरून वड-उंबराची फळं आणून भरवतो. हे सगळं चालतं साधारण फेब्रुवारी ते मे आणि आमच्याकडे झाडतोड कधी चालते? पाऊस संपला की पुढच्या पावसापर्यंत, म्हणजे नेमकी त्याच महिन्यांत!! मादी आत असताना झाड पाडलं तर तिला उडून पण जाता येत नाही. आमचं झाड जानेवारीत पडलं म्हणून ढोली रिकामी होती एवढंच.

1964 चा झाडतोड कायदा आहे, त्याच्या यादीत साग, खैर, आंबा, फणस, ऐन, किंजळ, हिरडा अशी झाडं आहेत. हिरडा आहे पण त्याचा भाऊ बेहडा नाही, सातवीण नाही, वड-उंबर पण नाही. म्हणजे ज्यांना बाजारात भाव त्यांनाच कायदा. माझी मागणी एवढीच की ठराविक घेराच्या वरचं कुठलंही झाड, जात न बघता, या यादीत घ्या, आणि ढोली असलेलं झाड ठेवणाऱ्या मालकाला वर्षाला काहीतरी रक्कम द्या, नुसती बंदी घालून माझ्या काकांसारख्यांचं भागणार नाही. आरा गिरणीला लायसन्स लागतं ना, मग कटरला का नको? आमच्या गावात तीन-चार जणांकडे आहे, कसला कागद आजवर कोणी विचारला नाही. फिलिपिन्समध्ये चेनसॉची नोंदणी करायला लावणारा कायदा 2002 सालीच झालाय.

मुंबईतल्या लाकडावरच्या बेकऱ्या सहा महिन्यांत गॅसवर किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर न्या असं हायकोर्टाने जानेवारी 2025 मध्ये सांगितलं, ते शहराच्या हवेसाठी. तसंच वीटभट्ट्या आणि बॉयलरवाल्यांनाही विचारा की लाकूड कुठून आणलं, पावती दाखवा. गिऱ्हाईक कमी झालं तर ठेकेदार दारात येणार नाही.

पऱ्याच्या पलीकडे अजून एक गोटिंग उभा आहे, याच्यापेक्षा थोडा बारीक, ढोली त्यालाही आहे. आमच्याच सामाईकात आहे तो. मी नाही म्हणून आलोय, पण माझी सही सोडून बाकी बऱ्याच जणांच्या झाल्यात असं कळलं आणि ठेकेदार शिमगा झाल्यावर येतो म्हणून सांगून गेलाय.

आपला,
एक चाकरमानी वाचक, संगमेश्वर