स्पॅनिश हवी असेल तर तिचा पगारही द्या! : समान रोजगार संधी आयोगाला खुले पत्र

मा. अध्यक्ष,
समान रोजगार संधी आयोग (नोकरीतला भेदभाव रोखणारा अमेरिकी सरकारचा आयोग), वॉशिंग्टन

स. न. वि. वि.

इंग्रजी प्रत आपल्याला पाठवलीच आहे. मराठीत लिहिते आहे ती न्यू जर्सीतल्या एडिसन, जर्सी सिटीकडच्या माझ्यासारख्या बायकांसाठी.

मागच्या आठवड्यात मला पुन्हा नकार आला. जागा मेडिकल बिलिंगची. या कामात पेशंटशी बोलणं जवळजवळ नसतंच. डॉक्टरांनी तपासलं की त्या कामाचा ठरलेला आकडी कोड लावायचा, क्लेम म्हणजे पैशांची मागणी विमा कंपनीला पाठवायची, नाकारला तर कारण शोधायचं. ९९२१३ या नेहमीच्या तपासणीच्या कोडला २५ चा मॉडिफायर (तपासणी त्याच दिवशीच्या दुसऱ्या उपचारापासून वेगळी होती हे सांगणारी खूण) लावायचा राहिला म्हणून अडकलेले पैसे सोडवायचे, त्यासाठी फोन कानाला लावून ताटकळत बसायचं. सगळं इंग्रजीत. मुलाखतीत मला असाच एक नाकारलेला क्लेम दिला, मी चूक लगेच दाखवली. मग विचारलं, "स्पॅनिश येतं का?" नाही म्हणताच बाईंनी फाइल मिटली. बाहेर वेटिंग रूममध्ये गुजराती आज्या बसल्या होत्या. मला गुजराती आणि हिंदी येतं हे अर्जात लिहिलं होतं, त्याबद्दल कुणी विचारलंसुद्धा नाही.

बिलिंगच्या कोर्सची फी घेताना "सर्टिफिकेट हातात आलं की नोकरी नक्की" असं सांगितलं होतं. स्पॅनिशबद्दल तेव्हा कुणी चकार शब्द काढला नाही. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या आम्ही बायका वर्षानुवर्षं घरात बसलो. २०१५ मध्ये काहींना कामाची परवानगी मिळाली, पण तोवर आमच्या पदव्यांना कोण विचारतंय? पुन्हा शिकलो, पुन्हा परीक्षा दिल्या. आता आणखी किती सिद्ध करायचं?

माझा राग स्पॅनिश बोलणाऱ्यांवर मुळीच नाही. या देशात चार कोटींहून जास्त लोक घरी स्पॅनिश बोलतात. तापाने फणफणलेलं लेकरू घेऊन आलेल्या आईचं बोलणं समजणारं माणूस समोर हवंच. रिसेप्शनवर, नर्सिंगमध्ये, ९११ च्या आणीबाणीच्या फोनवर स्पॅनिश येणाऱ्यालाच आधी घ्या. मार्च २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी इंग्रजी अधिकृत भाषा ठरवून, इंग्रजी कमी येणाऱ्यांना मदत देण्याचा २००० सालचा आदेश रद्द केला, तेही मला पटलेलं नाही.

पण बिलिंगला स्पॅनिश कशाला? कारण उघड आहे. २०१० च्या आरोग्य कायद्यानुसार सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्याने इंग्रजी नीट न येणाऱ्या पेशंटला प्रशिक्षित दुभाषा फुकट द्यायचा असतो. दुभाष्याला पैसे पडतात. मग बिलिंगवालीलाच खुर्चीतून उठवून तपासणीच्या खोलीत उभं करायचं. माझ्याबरोबर शिकलेल्या एक्वादोरच्या मैत्रिणीला नोकरी मिळाली. ती रोज हेच करते, पगार मात्र एकाच कामाचा. अर्धवट राहिलेले क्लेम संध्याकाळी थांबून पुरे करते. म्हणजे मी घरी बसले आणि ती राबते आहे, फायदा फक्त मालकाचा. ॲरिझोनातल्या टक्सनचे स्पॅनिश बोलणारे हिस्पॅनिक पोलीस याच जादा कामाच्या तक्रारीसाठी कोर्टात गेले होते, १९९२ मध्ये तेही हरले.

तुमच्याच २०१६ च्या सूचनांमध्ये म्हटलंय की भाषेवरच्या प्रभुत्वाची अट त्या कामाला खरोखर लागत असेल तरच घालावी. ते तपासतं कोण? नोकरीतल्या भेदभावाविरुद्धचा १९६४ चा कायदा पंधरापेक्षा कमी नोकर असले तर लागूच होत नाही. दवाखाने तर बहुतेक तेवढेच! न्यू जर्सीचा १९४५ चा भेदभावविरोधी कायदा लहान मालकांनाही लागू आहे, पण नकाराचं कारण लेखी देतंच कोण, की पुरावा घेऊन जावं? आणि २०२५ मध्ये जानेवारीपासून ऑक्टोबरपर्यंत तुमच्या आयोगात कोरमच नव्हता, म्हणजे निर्णय घ्यायला लागतात तेवढे सदस्यच नव्हते. नोकरीवर उशिरा आलं तर आमचा पगार कापतात. तुमच्या रिकाम्या खुर्च्यांचं काय? निवडणूक आली की इथल्या भारतीय दुकानांच्या ओक ट्री रोडवर हात जोडत येणारे सगळे पक्ष तेव्हा कुठे होते?

जाहिरातीत स्पॅनिश मागणाऱ्याने ती कोणत्या कामासाठी हवी ते लिहावं, तिची परीक्षा घ्यावी आणि वेगळा भत्ता द्यावा. जिथे पेशंट गुजराती, हिंदी, मराठी बोलतात तिथे याही भाषा धराव्यात. आणि नाकारलं तर कारण लेखी द्यावं. एवढं करायला नवा कायदा लागत असेल तर तसं काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, स्पष्ट कळवा, आणि त्या पत्राची प्रत मला पाठवा.

आपली,
एडिसनची एक मराठी रहिवासी