‘...तर सात जवान जखमी’

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

चकमकीच्या बातमीत अगदी शेवटी एक ओळ असते : ‘तर सात जवान जखमी’. आकडा बदलतो, ओळ तीच. वीरमरण आलेल्यांची नावं छापून येतात, छायाचित्रं येतात, अखेरच्या सलामीचं वर्णन येतं, यायलाच हवं. पण त्या सात जणांचं पुढे काय झालं, हे कुठल्याच देशाच्या वर्तमानपत्रात सहसा वाचायला मिळत नाही.

गेलेल्यांचा मान कसा राखावा, हे जग हळूहळू शिकलं. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रकुलाच्या युद्ध-दफनभूमींत शिपाई असो की जनरल, सर्वांना सारखीच शिळा द्यायचं ठरलं. त्यावर पुष्कळ वाद झाला, पण निर्णय टिकला. ११ नोव्हेंबर १९२० रोजी तर लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत, जिथे राजेराण्या विसावल्या आहेत तिथे, नाव-गाव ठाऊक नसलेल्या एका सैनिकाला पुरण्यात आलं. मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

जिवंत परतलेल्यांच्या बाबतीत मात्र हिशेब चुकत आला. त्यातही मनाने जायबंदी झालेल्यांच्या बाबतीत. तोफांच्या भडिमारानंतर हातपाय धड असूनही थरथरणाऱ्या, वाचा गेलेल्या सैनिकांसाठी ‘शेल शॉक’ हा शब्द १९१५ मध्येच वैद्यकीय लिखाणात आला होता. तरीही त्या युद्धात रण सोडून पळणे, भेकडपणा अशा आरोपांखाली ब्रिटिश सैन्याने आपल्याच माणसांना गोळ्या घातल्या. त्यांपैकी ३०६ जणांना माफी मिळाली ती २००६ मध्ये. त्यांतले खरोखर भेकड किती आणि आतून मोडलेले किती, हे आता कोण सांगणार? (आणि महिनोन् महिने खंदकात काढलेल्या माणसाला भेकड म्हणणारे आपण कोण, हाही प्रश्न आहेच.)

उलट उदाहरणंही आहेत. इंग्लंडमधल्या स्टोक मॅंडेव्हिलच्या रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमान पाठीचा कणा दुखावलेल्या सैनिकांवर उपचार करत. अशा रुग्णांना अंथरुणाला खिळवून ठेवणं त्यांना मान्य नव्हतं. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिक सुरू झालं त्याच दिवशी, त्यांनी सोळा जणांची धनुर्विद्येची स्पर्धा भरवली. चाकाच्या खुर्चीतल्या त्या सोळा जणांपासून आजचं पॅरालिंपिक उभं राहिलं. आपले मुरलीकांत पेटकर याच वाटेने गेले. लष्करात बॉक्सिंग करणारा हा गडी १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कायमचा अपंग झाला, मग पोहू लागला आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गला ५० मीटर पोहण्यात त्याने भारताला पॅरालिंपिकचं पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. मधली ४६ वर्षं किती जणांना हे नाव माहीत होतं?

पेटकरांसारखं पदक प्रत्येकाला मिळणार नाही. बहुतेकांच्या वाट्याला कृत्रिम पाय, रात्री दचकून उठणं आणि त्यांच्याबरोबर जागणारी बायको एवढंच येतं. एक गोळी अंगावर झेलायला लागतं तेवढंच धैर्य, माझ्या मते, पुढची चाळीस वर्षं तिच्यासह काढायला लागतं.

म्हणून एक विनंती. अशी बातमी छापल्यावर वर्षभराने आपल्या वार्ताहराला त्या जखमींपैकी एकाच्या घरी पाठवाल का? त्याची तयारी असेल तरच, आणि मुलाखत पहिल्या पानावर नसली तरी चालेल.

आपला,
एक नियमित वाचक