ड्रोनची निविदा काढण्याआधी: बांधकाममंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

पुलांच्या तपासणीसाठी आपोआप उडणारे ड्रोन जरूर घ्यावेत. मात्र निविदेआधी मेम्फिसच्या पुलाचं प्रकरण मागवून वाचा.

अमेरिकेत मिसिसिपी नदीवरच्या या पोलादी पुलाच्या एका मुख्य तुळईला मोठी भेग गेल्याचं ११ मे २०२१ रोजी लक्षात आलं. पूल तातडीने बंद झाला. वाहतूक पूर्ववत व्हायला ऑगस्ट उजाडला. मग जुनं चित्रण चाळलं, तर २०१९ च्या ड्रोन चित्रफितीतही ती भेग होती! कॅमेऱ्याने टिपलं, माणसांच्या नजरेतून सुटलं.

म्हणून निविदेत ड्रोन किती, यापेक्षा हे लिहा: फोटो कोणता अभियंता, किती दिवसांत बघणार? सही कोणाची? गंभीर भेग दिसली तर वरून परवानगीची वाट न बघता पूल बंद करण्याचा अधिकार कोणाला? भेगा हुडकणारं सॉफ्टवेअर पाण्याचे ओघळ आणि सावल्याही भेगा म्हणून दाखवतं. अशा खोट्या इशाऱ्यांचा ढीग झाला की खरा इशाराही कोणी उघडून बघत नाही.

स्वयंचलित उड्डाणाचा खरा फायदा वेगळाच आहे. दरवर्षी त्याच मार्गाने, तेवढ्याच अंतरावरून, त्याच कोनातून फोटो मिळतात आणि भेग वाढतेय का ते कळतं. त्यासाठी मूळ फोटो खात्याच्या ताब्यात हवेत. ठेकेदार बदलला की मागचं सगळं गायब, असं व्हायला नको.

हातोडीने ठोकून पोकळ आवाज ऐकणारा माणूस मात्र काढू नका. इटलीतल्या जेनोवाचा मोरांडी पूल १४ ऑगस्ट २०१८ रोजी कोसळला, ४३ जण गेले. पूल तोलून धरणाऱ्या त्याच्या ताणकेबल काँक्रीटच्या वेष्टनात होत्या आणि गंज आत होता. बाहेरून फिरणाऱ्या साध्या कॅमेऱ्याला वेष्टनच दिसणार.

ड्रोनकडून दुरुस्तीची घाई तर नकोच. उडत्या यंत्रांनी थरावर थर देऊन बांधकाम करण्याचे प्रयोग झालेत, २०२२ मध्ये त्यावर शोधनिबंधही आला. पण भार पेलणारा सांधा त्यांच्या हवाली करण्याइतकी ती विद्या अजून पिकलेली नाही.

आणि हो, दुरुस्तीची शिफारस होऊन पडून असलेले अहवाल आज खात्यात किती आहेत, तो आकडा आधी मागवा. ड्रोन आले की त्यांत भरच पडणार. तेव्हा पहिला निधी त्या दुरुस्त्यांना द्या, आणि कोणत्या पुलाची कोणती दुरुस्ती कधीपासून थकली आहे, ती यादी लोकांसमोर ठेवा.

आपला,
एक स्थापत्य अभियंता