स्कायलाइट बदलण्याविषयी मित्रास पत्र

घोडबंदर रस्ता, ठाणे (पश्चिम)

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

कॅरॅव्हॅनच्या, म्हणजे चाकांवरच्या घराच्या, छतातील तडा गेलेल्या स्कायलाइटवर (उजेडासाठीच्या पारदर्शक झाकणावर) वरून सीलंट, म्हणजे फटी बुजवणारा लेप, भरून यंदाचा पावसाळा निघेल का, असे तू विचारले आहेस. निघणार नाही. माझ्या कॅरॅव्हॅनवर नारळाची झावळी पडली हे केवळ निमित्त झाले. उन्हाने स्कायलाइटचे अ‍ॅक्रिलिक प्लास्टिक आधीच ठिसूळ होऊन त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा उमटल्या होत्या. म्हणून मी ते काढून पॉलीकार्बोनेट या दुसऱ्या प्लास्टिकचे बसवले, आणि तूही तेच करावेस. मुंबई-ठाण्यात मोसमी पाऊस साधारण 11 जूनच्या सुमारास पोहोचतो, पण वळीव कोणाला विचारून येत नाही. तेव्हा मे उजाडण्यापूर्वीच हे काम उरकलेले बरे.

छतावर थेट गुडघे टेकू नकोस. चौकटीच्या आडव्या पट्ट्यांवर भार पडेल अशा बेताने प्लायवूडची फळी टाक आणि तिच्यावर बस.

खरा वेळ जातो तो जुने सीलंट खरवडण्यात. मागे एका गॅरेजवाल्याने माझ्या स्कायलाइटच्या कडेने सिलिकॉन फासून दिले होते. वरून ते चकचकीत दिसे, पण उचकटल्यावर खालची लाकडी चौकट एका कोपऱ्यात काळी पडलेली निघाली आणि टोचा तिच्यात लोण्यात जावा तसा नव्हे, तरी सहज रुतला. तेवढा तुकडा कापून नवे मरीन प्लाय (ओल सोसणारे प्लायवूड) घातले व ते पूर्ण कोरडे असल्याची खात्री करूनच पुढे गेलो. सुकलेल्या सिलिकॉनवर दुसरे सीलंट धरत नाही, म्हणून त्याचा अंशही मागे ठेवू नकोस. छताच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर चरे पडू नयेत यासाठी प्लास्टिकची पट्टी वापर आणि शेवटी आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पूस. थिनर किंवा पेट्रोल मात्र पॉलीकार्बोनेटच्या जवळही आणू नकोस, त्याने ते तडकते.

स्क्रूची छिद्रे स्क्रूपेक्षा किंचित मोठी पाड. तापमान 40 अंशांनी बदलले की एक मीटर लांबीचे पॉलीकार्बोनेट जवळजवळ पावणेतीन मिलिमीटर वाढते, तर तेवढेच अ‍ॅल्युमिनियम एक मिलिमीटरही वाढत नाही. छिद्र घट्ट असेल तर ही ओढाताण स्क्रूपाशीच तडा पाडते. अतिनील किरणांपासून संरक्षण देणारा थर ज्या बाजूला असेल, ती बाजू आकाशाकडे ठेव. संरक्षक कागदावर तशी खूण असते, म्हणून तो काढण्यापूर्वी बाजू पेन्सिलीने नोंदवून घे.

पाणी खरे अडवते ते कडेखालची ब्युटाइल टेप, म्हणजे मऊ रबरी चिकटपट्टी. ती कोपऱ्यात तुटू न देता सलग लाव आणि स्क्रू समोरासमोरचे घेत थोडे थोडे आवळ. सगळ्या कडेने टेप जराशी बाहेर डोकावली की थांब. जोर लावून आवळण्याची हौस आपल्याकडे फार आहे, पण इथे ती नडते. त्यानंतर स्क्रूंच्या डोक्यांवर आणि कडेवर तुझ्या छताला चालणारे सीलंट दे.

ते सुकल्यावर पाइपने पाणी सोडून पाहा, मात्र आधी उताराच्या खालच्या बाजूने आणि मग हळूहळू वर. आत टॉर्च घेऊन वहिनींना उभे कर, म्हणजे गळती नेमकी कुठून आहे ते लगेच कळेल. नवे स्कायलाइट मागवण्यापूर्वी छतातील भोकाचे माप आतून घे आणि मला कळव. टेप आणि मरीन प्लायचे तुकडे माझ्याकडे उरले आहेत, ते पाठवून देतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मित्र