गारगोटीची भिंत

बरी सेंट एडमंड्स, इंग्लंड

तीर्थरूप आबांस शिरसाष्टांग नमस्कार.

देवळाच्या आवारभिंतीच्या दगडांमधल्या दर्जा सिमेंटने भरायचं ठरतंय आणि तुमचं कुणी ऐकत नाही, असं आई सांगत होती. फोनवर हे सगळं बोलून होत नाही, म्हणून लिहायला बसले.

माझ्या खोलीपासून दहा मिनिटांवर एक जुना मठ आहे. डेन लोकांनी 869 मध्ये मारलेल्या एडमंड राजाची समाधी इथे होती. 1020 पासून बेनेडिक्टाइन पंथाचे ख्रिस्ती साधू राहायचे, 1539 मध्ये तेव्हाच्या राजाने मठ मोडला. आवाराची भिंत मात्र जागोजाग अजून उभी आहे, आणि ती गारगोटीची आहे, आबा! आपल्यासारखा काळा दगड या भागात नाही. खडूच्या थरांतून निघतात त्या गारगोट्या. बटाट्याएवढ्या, वेड्यावाकड्या, वरून पांढरट साल आणि फोडली की आत काचेसारखी काळीभोर. आजोबा चकमक झाडून विडी पेटवायचे ना, त्याच जातीचा दगड. हातोडीने शिंपल्यासारख्या कपच्या उडतात, पण कोपरा काही सरळ निघत नाही. म्हणून कोपऱ्याला वीट नाहीतर घडीव दगड लावतात. मठाच्या चर्चसाठी तो दगड दूरच्या बार्नाकच्या खाणीतून आणला होता.

मठ मोडल्यावर लोकांनी तो घडीव दगड काढून नेला. चर्चच्या दर्शनी भिंतीत तर नंतर घरंच बसवली, त्यांत माणसं राहतात. मागे राहिला तो नुसता गाभा, गारगोटी आणि चुना. वरची कातडी गेलेली, तरी पावणेपाचशे वर्षांहून जास्त काळ पावसाबर्फात उभा आहे. मी त्याला हात लावून बराच वेळ थांबले. तुमची आठवण आली.

शेजारच्या गल्लीत तशीच एक लहान भिंत आहे. तिच्या दर्जांत कुणीतरी मागे सिमेंट भरलेलं. गेल्या आठवड्यात एक म्हातारा गवंडी ते छिन्नीने हळूहळू खरवडून काढत होता. एक गारगोटी त्याने नुसत्या बोटांनी उचलून दाखवली. मागे ओल होती. सिमेंट पाणी बाहेर सोडत नाही, थंडीत ते गोठून फुगतं आणि दगड बाहेर ढकलतं. आपल्याकडे बर्फ नाही, पण चार महिने पाऊस आहे. चुन्याची दर्ज ओल बाहेर टाकते, हे तर तुम्हीच मला शिकवलंत.

तो म्हणाला, गारगोटी पाणी पीत नाही, त्यामुळे चुना धरायला वेळ लागतो. दिवसाला थोडेच थर चढवायचे, घाई केली की भिंतीला पोट येतं. अगदी तुमच्यासारखं बोलत होता! माझे वडील गवंडी आहेत म्हटल्यावर त्याने थापी खाली ठेवून तुमच्याबद्दल विचारलं. तुमच्याकडे चुना किती दिवस मुरवतात, त्यात काय काय घालतात, हे त्याला हवंय. सगळं नीट लिहून पाठवा, मी त्याला वाचून सांगेन.

सोबत फोटो आहेत. सिमेंट काढलेल्या जागेचा फोटो पंचांना जरूर दाखवा. आणि पिंपळाखालचं चुन्याच्या घाणीचं दगडी चाक अजून आहे ना? कुणाला हलवू देऊ नका.

आईला नमस्कार.

तुमची,
धाकटी