सौरऊर्जा वाढली, आता साठवणुकीकडे पाहा

संपादक महोदय,

देशाच्या स्थापित वीजक्षमतेत बिगर-जीवाश्म (सौर, पवन, जल, अणू अशा कोळसा-वायू न जाळणाऱ्या) स्रोतांचा वाटा २०२५ च्या मध्यास ५० टक्क्यांवर गेला. २०३० चे उद्दिष्ट पाच वर्षे आधी गाठले गेले, याचा अभिमान आहेच. मात्र २०२४-२५ मध्ये प्रत्यक्ष निर्माण झालेल्या विजेपैकी ७० टक्क्यांहून अधिक वीज कोळशाचीच होती, हेही तितक्याच ठळकपणे छापले जावे. दुपारी सौरवीज मुबलक असते आणि दिवेलागणीला मागणी वाढते, तेव्हा ती नसते. कोळसा सुटत नाही तो प्रामुख्याने या काही तासांमुळे. २०२४ च्या बाकू हवामान परिषदेत जगाची वीज साठवण क्षमता २०३० पर्यंत १,५०० गिगावॉटवर, म्हणजे २०२२ च्या सहापटीवर, नेण्याचा संकल्प मांडला गेला, तो याच कारणाने.

साठवणूक आमच्या अकोले तालुक्याला नवी नाही. येथील २५० मेगावॉटच्या घाटघर उदंचन प्रकल्पात मागणी कमी असताना खालच्या जलाशयातील पाणी सह्याद्रीच्या माथ्यावर चढवतात आणि मागणी वाढली की तेच पाणी कोकणच्या बाजूला सोडून वीज घेतात. पाणी चढवायला लागते त्यापेक्षा कमी वीज परत मिळते, तरीही दुपारची सौरवीज वाया जाण्यापेक्षा हे केव्हाही बरे. आता सह्याद्रीत असे अनेक प्रकल्प प्रस्तावित आहेत. त्यांसाठी जागा निवडताना वाडी-वस्त्यांची संमती आणि जंगलाचे नुकसान यांचा विचार कामाच्या आरंभी व्हावा, काम सुरू झाल्यावर नव्हे.

मात्र माझ्या मते याहूनही आधी करण्याचे काम शेतीपंपांचे आहे. दुपारच्या उन्हावर पंप चालले तर तेवढी वीज साठवावीच लागत नाही, आणि बिबट्याच्या भीतीने हातात काठी व विजेरी घेऊन रात्री पाणी भरायला जाण्याची वेळ शेतकऱ्यावर येत नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा हेतू हाच आहे. म्हणून तिच्या प्रगतीचा हिशेब किती मेगावॉटचे पॅनेल बसले यावर न मांडता, किती कृषी वाहिन्यांवर (शेतीपंपांना वीज पुरवणाऱ्या तारांवर) दिवसा सलग आणि पुरेशा दाबाने वीज मिळते यावर मांडावा आणि ही माहिती उपकेंद्रनिहाय, दरमहा जाहीर करावी, अशी शासनाला विनंती आहे.

– एक वाचक, अकोले (जि. अहिल्यानगर)